ऐंशीच्या पुढची थरथर

धारगळला हमरस्त्याच्या कडेला यशवंत शेट्यांचे टायरांचे दुकान आहे. तिथे बाबली गावस दहा वर्षे कामाला होता. चाके काढायचा, बसवायचा. पण लोक त्याच्याकडे यायचे ते गाडी का थरथरते हे विचारायला.

दुकानात यंत्रे आहेत. एका यंत्रावर चाक चढवले की ते गरगर फिरते, आकडे पेटतात, आणि चाकाच्या ज्या कडेला वजन कमी तिथे शिशाचा तुकडा ठोकायचा. आकडा शून्यावर आला की यंत्राचे काम संपले. तरीही काही गाड्या ऐकत नाहीत. गावातल्या रस्त्यावर मुकाट चालतात, सत्तरपर्यंत काही बोलत नाहीत, आणि हमरस्त्याला लागून काटा ऐंशीच्या पुढे गेला की आतून कुठून तरी त्यांना कापरे भरते. अशा गाड्या बाबलीच्या. तो चावी घ्यायचा, कोलवाळच्या पुलापर्यंत जायचा, परत यायचा आणि खाली उतरता उतरता सांगायचा: पुढचे डावे. मागचा टायर आतून फुगलाय. रिम वाकलीय.

हे त्याला हातांनी कळायचे. थरथर स्टेअरिंगमध्ये आली तर दुखणे पुढच्या चाकांत. बसायच्या जागेखाली आली तर मागच्या. ब्रेक दाबल्यावरच आली तर चाकामागच्या चकतीत. हे तर कोणीही सांगेल. बाबलीला त्याच्याही पलीकडचे कळायचे. उजव्या चाकाची थरथर त्याच्या अंगठ्याच्या मुळाशी यायची, टायरच्या आतला तारांचा पट्टा सुटू लागला असला तर ती करंगळीच्या बाजूने मुंगीसारखी चालत जायची. पेडण्यापासून डिचोलीपर्यंत लोक म्हणत, यंत्र चुकेल, बाबलीचा हात चुकायचा नाही.

हे हात मेले होते, आणि ते त्याची बायको देवकी सोडून कोणाला माहीत नव्हते.

देवकीलाही त्याने सांगितले नव्हते. जून महिन्यात एका रविवारी तो आडाळ्यावर नारळ खवत बसला होता. देवकी मागून आली तेव्हा ताटलीतला अर्धा कीस लाल झाला होता आणि बाबली खवतच होता. तिने त्याचा हात धरून वर केला. त्याने बोटाकडे पाहिले, दुसऱ्याच कोणाचे असावे तसे.

"दुखणत नाय?" तिने विचारले.

"नाय."

तिने तो नारळ परसात टाकला. दुसरा फोडला. त्या दिवसापासून त्याच्या सदऱ्याच्या गुंड्या ती लावू लागली.

थंडीत बोटे पांढरी पडायची ती मात्र फार आधीपासून. बाबली सर्वणचा. विसाव्या वर्षी तो खाणीवर लागला. जांभ्याच्या कडक थराला भोके पाडायचे ड्रिल त्याच्या हातात दिले, आणि सोळा वर्षे ते त्याच्या हातात राहिले. त्या यंत्राला दोन मुठी असतात. त्या मुठी धरायच्या आणि अंगाचे सगळे वजन त्यावर टाकायचे. संध्याकाळी घरी आल्यावर पाण्याचा तांब्या धरला तर पाणी काठावर नाचायचे. जेवताना हात भातात गेला की स्थिर व्हायचा. खाणी बंद पडल्या तेव्हा सर्वणमधल्या कितीतरी घरांत रडारड झाली. बाबलीला मात्र हाताला मिळालेली ती शांतता आवडली होती. त्याने हे कोणाला बोलून दाखवले नाही. तीन वर्षे मिळेल ते काम करून तो धारगळला आला, तेव्हा यशवंतला कळले की या माणसाला थरथर ओळखता येते. येणारच. दुसरे काय शिकला होता तो?

ऑक्टोबरमध्ये देवकीने त्याला सरकारी दवाखान्यात नेले. डॉक्टर तरुण होता. त्याने कामाचे विचारले, आधीच्या कामाचे विचारले, ड्रिल म्हटल्यावर लिहायचे थांबला. मग म्हणाला, "डोळे मिटा. सुईने टोचतो. टोचलं की सांगा."

बाबलीने डोळे मिटले. बराच वेळ गेला. शेवटी तोच म्हणाला, "सुरू करा डॉक्टर."

"संपलं," डॉक्टर म्हणाला.

गेलेले परत येणार नाही, उरलेले सांभाळा, थंडीपासून जपा, आणि थरथरणाऱ्या वस्तूंपासून हात लांब ठेवा, असे त्याने कागदावर लिहून दिले. बाबलीने कागद चार घड्या घालून खिशात ठेवला आणि दुसऱ्या दिवशी कामावर गेला. स्कूटरच्या मुठीही थरथरतात. सर्वणहून धारगळपर्यंत ते हात थरथरत्या मुठींवरच होते, आणि त्याला काही कळत नव्हते.

यशवंतला सांगावे असे त्याला रोज वाटायचे. सकाळी वाटायचे, दुपारपर्यंत जायचे. सांगून काय झाले असते ते त्याला ठाऊक होते. एकोणपन्नासाव्या वर्षी हवा भरायला बसला असता. त्याची लाज नव्हती. पण गाडीतून उतरल्यावर चार माणसे त्याच्या तोंडाकडे बघत उभी राहायची, तो काय म्हणतो याची वाट बघत. त्याच्या आयुष्यात लोक त्याच्या तोंडाकडे फक्त तेवढ्याच वेळात बघत होते.

मग त्याने युक्त्या काढल्या. पाण्याची अर्धी भरलेली बाटली तो समोर काचेखाली ठेवू लागला. ऐंशीच्या पुढे गेला की वेगाच्या पेडलवरचा पाय उचलायचा आणि बाटलीतले पाणी बघायचा. पाय खाली असताना इंजिनच पाणी हलवते, म्हणून उचलायचा. शिवाय पाठ जिवंत होती, कंबर जिवंत होती. बसायच्या जागेतून येणारी थरथर त्याला अजून कळायची. त्यामुळे पावसाळ्यापासून त्याने पाहिलेल्या गाड्यांपैकी जिचे काही निघाले तिचे मागच्याच चाकात निघाले. जिची थरथर फक्त स्टेअरिंगमध्ये होती तिच्या मालकाला तो सांगायचा, काही नाही, रस्ता तसा आहे. हे आपल्या लक्षात आले नाही असे तो पुढे देवकीला म्हणाला. लक्षात आले होते. त्याने ते लक्षात घेतले नव्हते.

डिसेंबरच्या पहिल्या आठवड्यात सुविधा मळीक आली. लाटंबार्सेची, तिशी ओलांडलेली. मोपाच्या विमानतळावर तिची स्वतःची टॅक्सी होती. गाडी चालवायला तिला बापाने शिकवले, आणि बाप खाणीवरच्या टिपरवर होता. तिने गाडी आत घेतली, चावी बाबलीच्या हातात न देता फडताळावर ठेवली आणि म्हणाली, "बाबलीदादा, भारार थरथरता ही."

यशवंत खुर्चीतून मोठ्याने हसला. "भारार? मगे हंय कित्याक आणलंस? देवळात व्हर. गाऱ्हाणां घालतले, नारळ ठेवतले, भार उतरतलो."

या बाजूला देव अंगात आला की भार आला म्हणतात. जत्रेत माणूस भारावर असतो, थरथरतो, डोके गदगदा हलवतो, प्रश्न विचारणारे समोर हात जोडून उभे असतात. गाडीला भार आला हा विनोद यशवंतला इतका आवडला की आलेल्या दोन गिऱ्हाइकांना त्याने तो पुन्हा सांगितला.

"तुमी हसा शेट," सुविधा म्हणाली. "माझे पाशिंजर हसनत नाय."

बाबलीही हसला. गोष्ट हसण्यावारी जात होती, कोणी त्याला नीट काही विचारत नव्हते, याचे त्याला बरे वाटले. त्याने एवढेच विचारले, "किती स्पीडार?"

"ऐंशी-नव्वदार."

तो गाडी घेऊन गेला. नव्वदला नेली, पाय उचलला, बाटली बघितली. पाणी शांत होते. पाठीला काहीतरी लागले असे वाटले. परत येऊन म्हणाला, मागचे उजवे. यंत्रावर चाक चढवले, शिशाचा तुकडा ठोकला.

तीन दिवसांनी ती परत आली. या वेळी त्याने मागचा टायर बदलायला लावला. टायर बसवत असताना ती त्याच्या मागे उभी राहून त्याचे हात बघत होती.

पुढच्या मंगळवारी सकाळी नऊ वाजता ती तिसऱ्यांदा आली. काल एक म्हातारे जोडपे पर्वरीच्या अलीकडे घाबरून उतरले होते. बाईने रस्त्याच्या कडेला उलटी केली. त्यांनी दुसरी टॅक्सी बोलावली, सामान स्वतः उचलले. विमानतळावरच्या बाकीच्या टॅक्सीवाल्यांनी तिला सांगितले होते, गाडी नीट होईपर्यंत रांगेत लावू नकोस, आमच्याही नावावर येते.

"आज मी चलयतलंय," ती म्हणाली. "तू बाजूक बस."

बाबली म्हणाला, "मी एकटो बघून येतंय."

"दोनदा बघलंस तू एकट्यान."

"बस रे बाबली," यशवंत चहा ओतता ओतता म्हणाला. "हिचो भार आज तूच काढ. घाडी हो." घाडी म्हणजे अंगातले उतरवणारा.

बाबली बसला. सकाळी गार होते, शेतांवर धुके होते, आणि अशा हवेत त्याची बोटे दुसऱ्या पेरापर्यंत पांढरीफटक पडायची. त्याने दोन्ही हात काखेत दाबून धरले.

"थंडी वाजता?"

"वाजता."

तिने गाडी हमरस्त्यावर घेतली. तिच्या हाताला घाई नव्हती. साठ, सत्तर. एक ट्रक मागे टाकला. ऐंशी. बाबली पाठ टेकून बसला, सगळे अंग कान करून. पायाखाली काहीतरी हलल्यासारखे वाटत होते, पण या रस्त्याला जोड आहेत, दर थोड्या अंतरावर चाक त्यावरून जाते, तेही तसेच वाटते. त्याला खात्री करता येईना. पूर्वी खात्री करावी लागत नसे.

"आता," सुविधा म्हणाली. "बघ. येता." काटा नव्वदवर होता. "बघलंस?"

त्याने हात काखेत आणखी आत दाबले.

"धर." तिने एका हाताने त्याचा उजवा हात काखेतून ओढला आणि स्टेअरिंगवर ठेवला. बोटे सोललेल्या मुळ्यासारखी दिसत होती. त्याने ती मिटली. मिटली आहेत हे त्याला डोळ्यांनी दिसले.

"कळता?"

"कळता," बाबली म्हणाला.

"काय कळता?"

"थरथर. आसा. पुढच्या डाव्याक आसा."

सुविधाने त्याच्याकडे पाहिले नाही. रस्त्याकडे बघत ती अगदी हळू म्हणाली, "बाबलीदादा, आता नाय ती. मी पाय काढलंय."

त्याने खाली पाहिले. तिचा पाय वर होता, पेडलपासून वीतभर लांब. गाडी आपल्या वेगाने घरंगळत होती, काटा ऐंशीकडे उतरत होता, आणि त्याचा हात अजून स्टेअरिंगवर होता.

तिने पाय खाली दाबला. "आता आयली." उचलला. "गेली." पुन्हा दाबला. "आयली. हात ठेव तसोच. आयली, कळली?" असे तिने तीन वेळा केले. दाबताना तिच्या स्वतःच्या मनगटांवरची कातडी थरथरताना त्याला दिसत होती. त्याच्या हाताला ती थरथर कळत नव्हती.

"मी पयल्याच दिसा सांगलंय तुका. भारार येता. भार काढलो की जाता. माझो बापूस म्हणायचो तसांच सांगलंय."

खाणीत खड्ड्याच्या तळापासून भरलेला टिपर वर चढायचा तेव्हा वरचा माणूस ओरडायचा, भारार घे, भारार घे. म्हणजे पाय दाबून धर, इंजिनावर भार राहू दे, सोडू नकोस. सोळा वर्षे बाबलीने हा शब्द दिवसातून शंभर वेळा ऐकला होता. ड्रिलच्या आवाजातूनही ऐकला होता. सर्वण आणि लाटंबार्से यांच्यामध्ये हा शब्द ज्याला कळत नाही असा माणूस नव्हता. यशवंत पेडण्याचा, त्याला देवळातला भार ठाऊक. पण बाबली? तो यशवंतबरोबर हसला होता.

कोलवाळच्या पुलाअलीकडे तिने गाडी कडेला घेऊन बंद केली. ट्रक जात होते, प्रत्येक ट्रकसरशी गाडी हलत होती.

"तुका कळनत नाय," ती म्हणाली. तिला आता काही विचारायचे नव्हते.

बाबलीने दोन्ही हात मांडीवर उताणे ठेवले. तिने त्याचे एक बोट धरले आणि अंगठ्याचे नख त्यात रुतवले. चंद्रकोरीसारखी खूण उठली, तशीच राहिली. तिने त्याच्या तोंडाकडे पाहिले.

"कधीपासून?"

"पावसापासून. जरा आधीपासून."

"आणि लोकांच्यो गाड्यो पास करतस?"

एक बस गेली. तिचा वारा काचेवर आपटला.

"माझ्या गाडयेत रोज धा-बारा माणसां बसतत. पोरां असतत. मी हिका ऐकतंय, माका कळता काय जाता तां, माका नाव सांगूक येणत नाय म्हणून मी तुझ्याकडे येतंय. आणि तू बहिरो. माझो टायर बदललंस तू. खोटोच बदललंस."

"खोटो नाय. माका तसां वाटलां."

"वाटलां!" ती म्हणाली.

बाबलीला दार उघडून त्या धुक्यात चालत जावेसे वाटले. पुलाखाली नदी होती. आपण पुलाकडे बघतो आहोत हे त्याच्या लक्षात आले, तेव्हा त्याने मान वळवली. आणि मान वळवता वळवता, लाजेने कानशिले जळत असतानाच, त्याच्या डोक्यात ती गोष्ट आपोआप जुळून आली. पाय दाबला की येते, काढला की जाते. चाक असते तर पाय काढल्यावरही आले असते. चाकाला कोणाचा पाय कुठे आहे ते ठाऊक नसते.

"एक्सल आसा," तो म्हणाला. "आतलो जॉइंट. चाक न्हय. पयल्यापासूनच न्हय."

"आता खरां सांगतस काय असांच?"

"हातान नाय सांगत. तू सांगलंस त्यावरसून सांगतंय."

तिने गाडी सुरू केली. परत येताना ती सत्तरच्या वर गेली नाही.

इंजिनापासून पुढच्या चाकापर्यंत एक लोखंडी दांडा जातो, त्याला एक्सल म्हणतात. त्याचे आतले टोक एका पोलादी वाटीत बसलेले असते, हाच आतला जॉइंट, आणि वाटीत लाटण्यासारखे तीन लहान रोळ फिरत, सरकत असतात. वर्षानुवर्षे एकाच जागी घासून वाटीला आतून खळगे पडतात. मग इंजिनाचा जोर आला की रोळ त्या खळग्यात अडकतो, सुटतो, पुन्हा अडकतो, आणि गाडीचे सगळे नाक डावी-उजवीकडे कापते. जोर काढला की रोळ मोकळा होतो. खळगा नखाच्या जाडीएवढा असतो. ग्रीस पुसल्यावरही वाटी आतून अशी चकाकते की डोळ्यांना तो दिसत नाही. अंगठा फिरवूनच तो कळतो.

बाबलीने गाडी वर घेतली, दोन्ही एक्सल काढले. हे त्याला जमत होते. पाना हातात आहे की नाही ते डोळ्यांनी बघून काम करायची त्याला सवय झाली होती. रबरी टोप्या कापल्या, ग्रीस पुसले. उजवी वाटी हातात घेतली, अंगठा आत घातला, फिरवला. काही नाही. डावी घेतली. अंगठा फिरवला. काही नाही. पुन्हा उजवी. त्याने वाटी गालाला लावून बघितली, पण गाल आत जात नाही. यशवंत दोन पावलांवर टायरांच्या थप्पीला टेकून फोनवर बोलत होता.

दोन्ही वाट्या नव्या घालता आल्या असत्या. कोणाला काही कळले नसते. सुविधा बोलली असती किंवा नसती. बाबली तसाच उभा राहिला, वाटी हातात घेऊन, इतका वेळ की यशवंतने फोन कानापासून काढला.

"सुविधा," बाबली म्हणाला. "हात दी."

ती आली. त्याने डावी वाटी तिच्यासमोर धरली. "अंगठो आत घाल. कडेन फिरय. सावकाश."

तिने बाही वर केली, अंगठा आत घातला. डोळे मिटले. "हंय गुळगुळीत आसा. हंय पण. हंय..." ती थांबली. अंगठा मागे नेला, पुन्हा पुढे आणला. "खळगो आसा. हंय एक. ह्या बाजूक पण एक. मोठो आसा हो."

"ही डावीच ना?" बाबलीने विचारले.

"तूच दिलंस ना? डावी."

"हिचो हात कित्याक घालतस त्यात?" यशवंत म्हणाला. "तुझो खंय गेलो?"

"माझ्या हाताक कळनत नाय, शेट."

यशवंत हसायला लागला. "आता तुकाय भार आयलो काय?" मग त्याने सुविधाकडे पाहिले. ती हसत नव्हती. तिचा अंगठा काळा झाला होता आणि तिने तो पुसला नव्हता. यशवंतने बाबलीचा हात हातात घेतला, उलटा केला, पांढऱ्या बोटांवर आपली बोटे फिरवली, आणि गरम भांडे चुकून धरल्यासारखा सोडून दिला.

दुपारी म्हापशाहून नवा जॉइंट आला. बाबलीने तो बसवला. चाचणीला सुविधा एकटी गेली. पंचवीस मिनिटांनी परत आली, काच खाली केली आणि म्हणाली, "नाय." थरथर नाही, एवढाच त्याचा अर्थ होता. मग इंजिन चालू ठेवूनच ती म्हणाली, "बाबलीदादा, बाकीच्यांका सांग." आणि गेली.

दुकानात गिऱ्हाईक नव्हते. यशवंतने बाबलीला समोर बसवले. तो वाईट माणूस नाही. त्याने बाबलीला चहा दिला, कप टेबलावर ठेवून दिला, हातात दिला नाही.

"कोणाक बोलू नको," तो म्हणाला. "उद्यापासून तू हवा बघ. पंक्चर बघ. चाचणीक मी दुसरो कोण मिळता काय बघतंय. तुझां काय ता चालू रवतलां."

"आणि ज्यो गेल्यो त्यो?"

"खंयच्यो?"

"पावसापासून मी काय नाय म्हणून धाडलंय त्यो."

"गेल्यो त्यो गेल्यो. कायतरी झाला असता तर कळला असता." यशवंतने आवाज खाली आणला. "दुकान बंद पाडूचा आसा काय तुका? दहा वर्सां लोक तुझ्या नावान येतत. उद्या कळलां की बाबलीच्या हाताक कळनत नाय, मगे कोण येतलो? कोलवाळात चार दुकानां आसत."

बाबलीने ऐकून घेतले. यशवंत म्हणत होता त्यातले काही खोटे नव्हते. मग तो उठला आणि फडताळातून कार्डांचा गठ्ठा काढला. प्रत्येक गाडीचे एक कार्ड असते: नंबर, मालकाचे नाव, फोन, आणि खाली बाबलीचा शेरा. जूनपासूनची कार्डे त्याने वेगळी काढली. 'काही नाही' असा शेरा एकेचाळीस कार्डांवर होता. जूनमधली अक्षरे बारीक होती. पुढे ती मोठी होत गेली होती, नोव्हेंबरमध्ये चौकटीबाहेर गेली होती, पेन धरता येत नसलेल्या माणसाची. हे इतके दिवस सगळ्यांच्या डोळ्यांसमोर होते.

"बाबली," यशवंत म्हणाला. "ऐक माझां."

बाबली गठ्ठा घेऊन मागच्या बाजूला गेला, जुन्या टायरांवर बसला. बोटांनी फोन दाबला जात नसे, म्हणून तो करंगळीच्या सांध्याने आकडे दाबू लागला. यशवंत दारात येऊन उभा राहिला. त्याने फोन हिसकावून घेतला नाही. थोडा वेळ बघून तो पुढे निघून गेला.

पहिल्या माणसाने गाडी विकली होती. कोणाला विकली ते त्याला सांगता येईना. दुसरा तोर्सेचा. तो म्हणाला, "मस्त चालता रे. आता तुमी लोक फोन करून गिऱ्हायकां बोलवूक लागलात? धंदो नाय काय?" तिसऱ्याची बायको बोलली. नवरा परदेशी गेला, गाडी झाडाखाली आहे, मांजरे व्यायली आहेत तीत.

चौथे कार्ड सखाराम मास्तरांचे होते. साखळीचे, शाळेतून निवृत्त झालेले, सत्तरीचे. ऑगस्टमध्ये ते आले होते.

"मास्तर, धारगळहून बाबली बोलतोय." मास्तरांशी सगळे शाळेतल्यासारखे बोलतात.

"बोल बाबली. बरा आहेस?"

"ऑगस्टात तुम्ही गाडी आणली होती. स्टेअरिंग कापतं म्हणत होता. मी काही नाही म्हणून सांगितलं."

"बरोबरच सांगितलंस. गाडीत काही नव्हतंच."

"म्हणजे?"

"अरे, तुझा हात कधी चुकतो का? तू म्हणालास गाडी शांत आहे. आणि मला तर थरथर लागत होती. मग म्हटलं, ही आपल्याच हाताची. घरी येऊन कप धरला, तर तोही हलत होता. वयच झालं. डॉक्टरांना सांगितलं, त्यांनी कंपाच्या गोळ्या दिल्या. गाडी तेव्हापासून उभीच आहे. भजनाला पेटीवर बसत होतो ते सोडलं. सूर भलताच दाबला जाईल ही भीती. आता टाळ घेऊन बसतो. टाळाला कंप चालतो." मास्तर थोडेसे हसले. "का रे, फोन का केलास?"

बाबलीने मास्तरांचे कार्ड उपडे करून ठेवले.

"मास्तर, तुमच्या हाताला काही नव्हतं. थरथर गाडीत होती. मला कळली नाही."

"असं कसं होईल?"

"माझ्या हातांना काहीच कळत नाही. कधीपासूनच कळत नाही. मी खोटं सांगितलं."

पलीकडे कोणीतरी भांडी घासत होते. मास्तर बोलले तेव्हा त्यांचा आवाज वर्गात उत्तर न आलेल्या पोरासारखा झाला होता.

"मग ह्या गोळ्या, बाबली? चालू ठेवू की बंद करू?"

"ते मला कळत नाही, मास्तर. डॉक्टरांना विचारा. गाडी आणू नका, मी येतो. उद्या सकाळी येतो मी साखळीला."

"थांब जरा," मास्तर म्हणाले. फोन कशावर तरी ठेवल्याचा आवाज आला. मग त्यांचा आवाज लांबून आला. "कप धरून बघतोय. हलतो रे. आता तर खराच हलतोय."

बाबलीने फोन कानाला दाबून धरला. पलीकडे बशीवर कप वाजत होता, आणि मास्तर तो ठेवत नव्हते.